शिट्या मोजू नका : उकडलेल्या आणि वाफवलेल्या बटाट्याची सोपी तोंडीलावणी

बटाट्याबद्दल वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. कुकरला किती शिट्या करायच्या? भरीत पाणचट का होतं? हॉटेलात मऊसूत मिळणारा मॅश घरी केला की डिंकासारखा का ताणला जातो? घरापासून दूर, एका शेगडीवर स्वयंपाक करणारी मुलं विचारतात, की कुकरच नाही, तर काय करायचं?

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ कुस्करण्यात नसतं, त्याआधीच्या अर्ध्या तासात असतं. बटाट्यात पाणी किती शिरलं आणि तो गरम असताना हाताळला की गार झाल्यावर, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडे रीत मात्र उलटी. सकाळी वरण-भाताबरोबर चार बटाटे कुकरमध्ये टाकून ठेवायचे आणि त्यांचं काय करायचं ते संध्याकाळी बघायचं. बटाटेवड्यापुरतं हे चालून जातं. मॅशला आणि फोडींना चालत नाही.

आधी पदार्थ ठरवा, मग बटाटा निवडा

भाजीवाले ‘इंदूरचा’, ‘आग्र्याचा’, ‘तळेगावचा’ अशी गावं सांगतात. त्या नावांवरून बटाटा उकडल्यावर कसा वागेल ते फारसं कळत नाही. त्यापेक्षा नवा की जुना, हे बघा.

- नवा बटाटा : साल पातळ असते आणि अंगठ्याने घासली तरी निघते. आत ओलसर, घट्ट. उकडल्यावर फोडी सुबक राहतात. पिवळी भाजी, वाफवलेल्या फोडी, कोशिंबीर यांसाठी हाच घ्या. कुस्करायला गेलात तर चिकटतो.
- जुना बटाटा : साल जाड, रंग थोडा मळकट. उकडल्यावर पिठूळ होतो आणि बोटांनी दाबला की भुगा पडतो. मॅश, भरीत आणि चोखा यांना हा हवा.

शंका असेल तर एक बटाटा कापून दोन्ही तुकडे एकमेकांवर घासा. पांढरट फेस येऊन तुकडे चिकटू लागले, तर त्यात पीठ भरपूर आहे. वाणांपैकी चिप्ससाठी काढलेला ‘कुफ्री चिप्सोना’ पिठूळ असतो आणि मॅशला उत्तम. ‘कुफ्री पुखराज’ लवकर तयार होतो, दिसायला पिवळसर आणि देखणा, पण त्यात पाणी जास्त, म्हणून तो फोडींसाठी ठेवा. (सिमल्याजवळच्या कुफ्री गावाचं नाव या सरकारी वाणांना चिकटलं आहे.) पुणे जिल्ह्यात सातगाव पठाराकडचा पावसाळी बटाटा दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. तेव्हा ताजा माल मिळतो, फोडींसाठी तो दवडू नका.

बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मॅश विचित्र गोडसर लागतो. शीतगृहातून आलेल्या बटाट्यातही कधी कधी हेच होतं. असे बटाटे आठ-पंधरा दिवस घरातल्या अंधाऱ्या, हवेशीर टोपलीत राहिले, तर गोडवा बराच उतरतो. एरवीही त्यांची जागा हीच, फक्त कांद्याच्या टोपलीपासून लांब.

शिजवायचा कसा?

नियम एकच लक्षात ठेवा : कुस्करायचा बटाटा पाण्यात कापून उकडू नका. सालीसकट, अख्खा असला, तर साल पाण्याला अडवते. कापायचाच असेल, तर पाण्यात न बुडवता वाफेवर शिजवा.

*कुकर.* शिटी हे वेळेचं माप नव्हे. आच मोठी असली, की पाच मिनिटांत चार शिट्या होतात आणि बटाटा मधोमध कच्चाच राहतो. मंद आचेवर एक शिटी व्हायलाही वेळ लागतो. तीन लिटरचा कुकर आणि पाच लिटरचा कुकर यांचा हिशोबही वेगळा. म्हणून असं करा :

1. साधारण एकाच आकाराचे बटाटे निवडा. एखादा फारच मोठा असेल, तर त्याचे दोन भाग करा.
2. कुकरच्या तळाशी दोन-अडीच वाट्या पाणी घाला. बटाटे जाळीवर किंवा डब्यात ठेवा आणि डब्यात पाणी घालू नका.
3. मोठ्या आचेवर पहिली शिटी होऊ द्या. मग आच मंद करून घड्याळ लावा. मध्यम, म्हणजे शंभरेक ग्रॅमच्या बटाट्याला आठ ते दहा मिनिटं.
4. गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. चमच्याने शिटी उचलून वाफ काढलीत, तर आतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन साली फुटतात आणि बटाटा बाहेरून लगदा होतो.
5. झाकण उघडताच बटाटे बाहेर काढा. कुकरमध्ये तसेच राहिले, की ओल धरतात.

*साधी वाफ.* माझं मत विचाराल तर फोडींसाठी यासारखी पद्धत नाही. मोदकपात्र, इडलीपात्र किंवा पातेल्यावर बसणारी चाळणी, काहीही चालेल. इंचभर फोडी एका थरात पसरा, खालच्या पाण्याला उकळी आल्यावरच वर ठेवा आणि झाकणाला फडकं बांधा, म्हणजे थेंब फोडींवर ठिबकत नाहीत. पंधरा मिनिटांत होतात. अख्खा मध्यम बटाटा तीस ते चाळीस मिनिटं घेतो, तेव्हा मधे एकदा खालचं पाणी बघा.

*उघडं पातेलं.* कुकर नसलेल्यांसाठी. बटाटे गार पाण्यात घालूनच गॅस पेटवा. उकळत्या पाण्यात टाकले, तर बाहेरचा भाग मऊ पडतो आणि गाभा कच्चा राहतो. पाण्यात मीठ घाला, उकळी आल्यावर आच कमी करा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

*मायक्रोवेव्ह.* एक-दोन बटाट्यांपुरता बरा. काट्याने सालीला आठ-दहा टोचे मारा, नाहीतर बटाटा फुटतो. झाकून पाच ते सात मिनिटं लावा, मधे एकदा उलटा.

झाला की नाही, हे बघायला बारीक सुरी मधोमध खुपसून बटाटा उचला. सुरीवरून तो आपसूक घसरला, तर शिजला. अडकून राहिला, तर अजून थोडा वेळ. सतरा ठिकाणी भोकं पाडत बसू नका, प्रत्येक भोकातून पाणी आत जातं.

गाळल्यानंतरची दोन मिनिटं

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पाण्यातला असो वा कुकरमधला, बटाटा सोलला की त्याच गरम, कोरड्या पातेल्यात परत टाका, आच अगदी मंद ठेवा आणि पातेलं हलवत राहा. बटाट्यातून वाफ निघताना दिसेल. ती थांबली, पृष्ठभाग खरबरीत, पांढुरका दिसू लागला, की आच बंद. एवढ्याने पाणचटपणाची निम्मी तक्रार मिटते, आणि दूध किंवा दही घालाल ते बटाट्यात नीट मुरतं.

सोलताना हात भाजतात म्हणून बटाटे गार पाण्यात टाकायची सवय अनेकांना असते. मॅश करायचा असेल, तर ती सोडा. फडक्यात धरून सोला, किंवा अर्धा कापून गर चमच्याने काढा.

मिक्सर नको, पुरणयंत्र काढा

शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत फुगलेला स्टार्च कोंडलेला असतो. हलक्या हाताने कुस्करलं, की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि मॅश हलका राहतो. मिक्सरचं पातं त्या फोडतं, स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. एकदा झालेली खळ दुरुस्त होत नाही. त्यात बेसन आणि कोथिंबीर घालून थालीपीठ लावणं, एवढाच उपाय.

परदेशी स्वयंपाकघरात यासाठी खास यंत्र विकत घेतात. तुमच्या माळ्यावरचं पुरणयंत्र तेच काम करतं. बारीक भोकांची जाळी बसवा, गरम बटाटा टाका आणि दांडा फिरवा, एकही गुठळी राहत नाही. पुरणाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबूनही जमतं, फक्त बटाटा गरम असेपर्यंतच. भरीत किंवा चोख्यासाठी हात किंवा पावभाजीचा मॅशर पुरे, तिथे थोडे खडे राहिलेलेच छान लागतात. किसणी शेवटचा पर्याय, आणि तीही गार बटाट्याला.

चार तोंडीलावणी

प्रमाण तीन-चार माणसांचं आहे.

१. साधा मॅश

अर्धा किलो जुने बटाटे, 50 ग्रॅम लोणी, साधारण अर्धी वाटी दूध, मीठ आणि मिरपूड.

- बटाटे गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा.
- आधी लोणी घाला आणि चमच्याने अलगद घोळवा. दूध त्यानंतरच. लोण्याचा थर स्टार्चवर आधी बसला, की मॅश चिकटत नाही.
- दूध गरम हवं. ते थोडं थोडं घाला आणि हवा तसा सैलपणा आला, की थांबा. सगळं अर्धी वाटी संपवलंच पाहिजे असं नाही.
- मीठ याच वेळी. गार मॅशमध्ये मीठ सारखं मिसळत नाही.

घोटत बसू नका. पंधरा-वीस वेळा चमचा फिरला, की पुष्कळ झालं.

यातच बदल हवा असेल, तर दूध गरम करताना मूठभर चिरलेली कांद्याची पात त्यात दोन मिनिटं उकळा आणि पातीसकट मॅशमध्ये घाला. आयर्लंडमध्ये याला ‘चँप’ म्हणतात आणि वाढताना मधे खळगा करून लोणी सोडतात. आपल्या झुणक्यातली पात इथे इतकी शोभते, की एकदा करून पाहाच. लसूण आवडत असेल, तर तीन-चार पाकळ्या बटाट्यांबरोबरच वाफवा आणि त्यांच्यासोबत कुस्करा. कच्चा लसूण मात्र नको.

२. दह्यातलं भरीत

पानात डाव्या बाजूला वाढायचा हा पदार्थ मॅशपेक्षा सोपा, तरी बिघडतो जास्त. कारण घाई. गरम बटाट्यात दही घातलं, की दह्याला पाणी सुटतं आणि आंबटपणा वाढतो.

1. चार मध्यम बटाटे उकडून, सोलून पूर्ण गार करा. निम्मे हाताने कुस्करा, निम्म्याच्या लहान फोडी ठेवा.
2. वाटीभर गोडसर, घट्ट दही घ्या. मीठ, चिमूटभर साखर आणि दोन चमचे दुधावरची साय घालून फेटा.
3. कढल्यात चमचाभर तेल तापवा. मोहरी तडतडली, की जिरं, हिंग, दोन मिरच्यांचे तुकडे आणि कढीलिंबाची पानं. मिरचीच्या कडांना पांढरे फोड आले, की कढलं उतरवा आणि फोडणी निवू द्या.
4. बटाटा, दही आणि दोन चमचे दाण्याचं कूट एकत्र करा. वरून फोडणी आणि कोथिंबीर.

बटाटा दही पितो. दुपारचं भरीत संध्याकाळी घट्ट गोळा होतं. म्हणून दही हवं त्यापेक्षा किंचित सैल ठेवा आणि जेवायच्या आधी पंधरा मिनिटंच कालवा. आधी करून ठेवायचं असेल, तर बटाटा, दही आणि फोडणी वेगवेगळं ठेवा.

उपवासाला हेच भरीत तूप-जिऱ्याच्या फोडणीचं, हिंग-मोहरीशिवाय. मीठ सैंधव. कोथिंबीर चालते की नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही.

३. चोखा

बिहारमध्ये लिट्टीबरोबर खातात तो. गरम बटाटा हाताने कुस्करायचा, त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि दोन चमचे मोहरीचं तेल. फोडणी नाही, गॅस नाही. मोहरीच्या तेलाचा झणका सवयीचा नसेल, तर ते धूर येईपर्यंत तापवून गार करा, मग घाला. वरण-भाताशी हा झकास जातो.

एका माणसाच्या स्वयंपाकाला बंगाली घरांतली युक्ती कामाला येते : भात शिजवतानाच एक धुतलेला बटाटा त्यात सोडून देतात. भांडं एक, गॅस एक, भात तयार झाला की बटाटाही तयार. बटाटा लहान असू द्या, भाताची वेळ कमी असते. मोठा असेल, तर अर्धा कापा.

४. वाफवलेल्या फोडी

नव्या बटाट्याच्या सालीसकट फोडी, मीठ आधी नाही. वाफवून झाल्या, की गरम असताना चमचाभर तूप, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, ओलं खोबरं आणि कोथिंबीर. लिंबू शेवटी पिळा.

हमखास बिघडतं ते इथे

- आंबट आधी घालणं. चिंच, टोमॅटो, आमसूल, लिंबू यांपैकी काहीही कच्च्या बटाट्याबरोबर शिजायला घातलं, की बटाटा मऊ व्हायला फार वेळ घेतो. रस्सा तासभर उकळूनही फोडी कडक राहतात, त्याचं कारण बहुधा हेच. बटाटा पूर्ण शिजल्यावरच आंबट घाला.
- फोडी लहान-मोठ्या कापणं. लहान विरघळतात, मोठ्या कच्च्या राहतात.
- मॅश आधी करून ठेवणं. गार मॅश घट्ट बसतो. ठेवायचाच असेल, तर झाकून, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून तासभर राहतो. वाढताना दोन चमचे गरम दूध घालून हलवा.
- सैल झालेल्या मॅशमध्ये मैदा किंवा ब्रेडचा चुरा घालणं. त्यापेक्षा मंद आचेवर उघडाच ठेवून पाणी उडवा.

हिरवा आणि कोंब आलेला बटाटा

उजेडात राहिलेल्या बटाट्यावर हिरवट झाक येते आणि त्या भागात सोलॅनिनसारखी कडवट, विषारी द्रव्यं वाढतात. ती उकडून जात नाहीत, म्हणून ‘शिजल्यावर काही होत नाही’ हा समज सोडा. नखाएवढा हिरवा भाग असेल, तर जाडसर कापून टाका. बारीक कोंब डोळ्यासकट कोरून काढा. बटाटा बराचसा हिरवा असेल, सुरकुतला असेल किंवा उकडल्यावर कडू लागला, तर सरळ फेकून द्या. पाच-दहा रुपयांसाठी उलट्या आणि पोटदुखी कोण ओढवून घेईल?

विकत घेताना तुमचा हक्क

हिरवे, कोंबाळलेले बटाटे वेचून बाजूला काढायला संकोचू नका. ‘निवडायचं नाही’ म्हणणाऱ्याकडून न घेण्याची मुभा तुम्हाला आहेच. तराजू-काटा पडताळलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचा शिक्का पाहायला मागता येतो. ॲपवरून मागवलेल्या पिशवीत खराब माल निघाला, तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

झटपट मॅशची पाकिटं मिळतात. वाळवलेल्या बटाट्याच्या पापुद्र्यांत गरम पाणी घालायचं, बस. प्रवासात ठीक. घेताना घटकांची यादी वाचा, सर्वांत जास्त असलेला घटक त्यात आधी लिहिलेला असतो. मिठाचं प्रमाणही बघा. रोजच्या जेवणासाठी मला यात काही हाशील दिसत नाही, कारण खरा बटाटा वीस मिनिटांत वाफवून होतो.

घरात पथ्य असेल तर

सालीसकट वाफवलेल्या बटाट्यातले क्षार आणि जीवनसत्त्वं कमी वाया जातात. बहुतेकांसाठी हे चांगलंच. पण मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर वर सांगितलेला नियम नेमका उलटा लावायचा : बटाटा सोलून, बारीक कापून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी टाकून द्यायचं. पोटॅशियमचा बराच भाग पाण्याबरोबर जातो, सगळा नाही. किती खायचा, हे आहारतज्ज्ञांनाच विचारा. मधुमेह असेल, तर बटाटा हा पोळी-भाताच्या हिशोबातला पदार्थ समजा. मॅश वाढला, तर तेवढी पोळी कमी.

उरलं तर

उकडलेले बटाटे दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये टाका. न सोललेले, झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस टिकतात. दही कालवलेलं भरीत त्याच दिवशी संपवा. उरलेल्या मॅशला तव्यावर चांगलं भविष्य आहे : वाटीभर मॅशमध्ये मावेल तेवढी भाजणी, चिरलेला कांदा, तिखट आणि ओवा घाला, पाण्याचा थेंबही न घालता मळा आणि ओल्या फडक्यावर थापून मंद आचेवर थालीपीठ लावा. मॅशमध्ये मीठ आधीच असतं, तेव्हा वेगळं घालण्याआधी चव बघा.